डावीकडे माणूस आहे

४ ऑक्टोबर

ताई,

पत्र बघून दचकू नका, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोन न करता लिहितेय त्याला कारण आहे. तुमच्याकडचा फोन आप्पांच्या उशाशी. आप्पांचे डोळे गेलेत, पण कान किती तिखट आहेत ते आमचं लग्न ठरलं त्याच दिवशी मला कळलं होतं. आणि इथून बोलायचं तर तुमचा भाऊ शेजारी बसलेला असतो. मला जे विचारायचंय ते त्याच्याबद्दलच आहे.

आम्ही दोघं एकाच गावचे, पण भेटलो इथं, हजारो मैलांवर, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हापासूनची सवय अशी की माझी लॉन्ड्री सुटली आणि त्याचं काम संपलं की दोघांनी एक फेरी मारायची. कालव्याच्या कडेनं जायचं, वाद घालायचे, दिवे लागल्यावर मला खोलीपर्यंत सोडून त्यानं जायचं. गेले चार महिने ते बंद आहे. दिवस कलायला लागला की याची चुळबुळ सुरू होते. दमलोय, डोकं दुखतंय, उद्या लवकर जायचंय. एकदा मी हट्टानं सिनेमाला नेलं. अंधारात पूर्ण वेळ माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. मला वाटलं, चला, प्रेम आहे अजून. बाहेर आल्यावर बघते तर घामानं शर्ट ओला, आणि पायरीवर एका म्हाताऱ्या बाईंना धडकला तर उलट त्यांच्यावरच डाफरला. हा असा कधी नव्हता हो.

साइटवर त्याला सगळे बगळा म्हणतात. लांब पाय, आणि दिवसभर उंचावर एकटा. आमच्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात. इस्त्रीच्या गरम रुळातून चादर बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरून घडी घालायची, हे माझं काम. माझ्या जागेसमोर खिडकी आहे आणि खिडकीत त्याची क्रेन. ती हलताना दिसली की बरं वाटायचं, माणूस जागेवर आहे म्हणून. मागच्या मंगळवारी ती दुपारभर हलली नाही. मी विचारलं तर म्हणाला, वारा होता, काम बंद ठेवलं, वरच बसून होतो. पण माझ्याबरोबर घडी घालणाऱ्या बाईंनी त्याच दुपारी त्याला मागच्या गल्लीत एका निळ्या दरवाजातून बाहेर पडताना पाहिलं होतं. दारावर पाटी नाही. दारात एक बाई उभी होती, चाळिशीची, घरच्या कपड्यांत.

ताई, लग्न फेब्रुवारीत आहे. माझ्याआधी कुणी होतं का? असेल तर आता सांगा. नंतर कळण्यापेक्षा आधी रडलेलं बरं.

तुमची होणारी भावजय


१७ ऑक्टोबर

अगं वेडे,

पत्र वाचून आधी हसले आणि मग तुझी कीव आली. आमचा धाकटा आणि दुसरी बाई? त्याला एक सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, तेव्हापासून त्याला मीच वाढवलंय. त्याच्या पोटात काय चाललंय ते मला त्याच्या जेवणावरून कळायचं. आधी कुणी नव्हतं. मी शपथेवर सांगते.

पुरुषांचं लग्नाआधी असंच होतं. हातपाय गार पडतात आणि ते आपल्यावर चिडचिड करतात. निळ्या दरवाजाचं फार मनावर घेऊ नकोस. असेल कुणी शिंपीण, तुझ्यासाठी काही शिवायला टाकलं असेल. मी स्वतः शिंपीण आहे, आमच्या दाराला तरी कुठं पाटी आहे?

संध्याकाळी नाही फिरला तर नाही. फिरायला रविवारची दुपार आहे की. उगाच अंधारात त्याला ओढत नेऊ नकोस. तो राहतो तिथल्या जिन्यात दिवा आहे ना? जिना उतरताना कठडा धरतो का? लहानपणी धांदरट होता म्हणून विचारते. आणि एक कर, त्याला खाली जमिनीवर काही काम मिळतं का बघायला सांग. मला त्या उंचीची पहिल्यापासून भीती वाटते. माझं नाव सांगू नकोस, तुझंच म्हणून सांग.

आप्पा बरे आहेत. तो अपघात झाल्यापासून त्यांचं जग खोलीएवढं झालं, पण रेडिओ आणि मी, दोघांना दिवसभर कामाला लावतात. लग्न फेब्रुवारीऐवजी डिसेंबरात घेता येईल का, याचा विचार कर. लांबवण्यात काही अर्थ नाही.

ताई


३० ऑक्टोबर

ताई,

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. चौथ्यांदा वाचताना मात्र अंगावर काटा आला. मी तुम्हाला बाईबद्दल विचारलं होतं. तुम्ही मला जिन्यातल्या दिव्याबद्दल विचारलंत.

गेल्या रविवारी दुपारी तो माझ्याकडे आला होता. खिडकीकडे तोंड करून बसला आणि त्याच्या मुकादमाच्या गमती सांगत होता. मी चहाचा कप घेऊन त्याच्या डाव्या हाताशी उभी राहिले, काही न बोलता. तो बोलत राहिला. कपातून वाफ निघत होती, त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. माझा हात भरून आला तरी त्याला पत्ता नाही. शेवटी मी "चहा" म्हटलं तर असा दचकला की अर्धा चहा सांडला. मग हसून म्हणाला, "मांजरासारखी येतेस." मी दहा मिनिटं तिथंच होते, ताई.

दुसऱ्या दिवशी मी लॉन्ड्रीतून अर्धा दिवस सुटी घेऊन साइटच्या फाटकाशी गेले. तिथं एक मामा आहेत. मामा हे सगळे म्हणतात म्हणून. त्यांचं काम खाली उभं राहून क्रेनवाल्याला वायरलेसवर सांगायचं, उचल, थांब, डावीकडे घे, खाली सोड. तुमच्या भावाबरोबर पहिल्या दिवसापासून तेच आहेत. मी आडवळणानं विचारायचं ठरवून गेले होते, पण त्यांचा चेहरा बघून सरळच विचारलं, की त्याच्या डोळ्यांना काय झालंय.

मामा बराच वेळ हातातला वायरलेस पुसत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला माहीत असेल."

त्याला समोरचं दिसतं. तपासणीच्या तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा वाचतो, म्हणून दरवर्षी पास होतो. पण बाजूचं दिसत नाही. नळीतून बघावं तसं. आणि उजेड कमी झाला की नळीही मिटत जाते. निळ्या दरवाजामागची बाई डोळ्यांची डॉक्टर आहे. कंपनीला कळू नये म्हणून तो तिच्या घरी जातो. मामांना दीड वर्षापासून ठाऊक आहे. ते त्याला जास्तीचं सांगत राहतात. कोण कुठून चाललंय, कोणत्या बाजूला किती माणसं आहेत. म्हणाले, "पोरगा गुणी आहे, मी त्याचे डोळे झालो. पण मी चोवीस नोव्हेंबरपासून नाही. मला ऑपरेशन करून घ्यायचंय, दोन महिने तरी जातील. माझ्या जागी नवा माणूस येणार. त्याला यातलं काही माहीत नाही." पुढं म्हणाले की हे तो स्वतः मुकादमाला सांगेल म्हणून ते रोज वाट बघतात आणि तो रोज उद्यावर ढकलतो.

इथं दिवस भराभर लहान होत चाललेत. साडेचारलाच अंधारून येतं आणि काम पाचपर्यंत चालतं. आता खिडकीतून क्रेन हलताना दिसली की माझ्या हातून चादरीचं टोक सुटतं. लोखंडी सळ्यांचा भारा माणसांच्या डोक्यावरून जात असतो आणि मी इकडे श्वास धरून उभी असते. बरोबरच्या बाई ओरडतात. मी त्याला अजून काही विचारलेलं नाही. विचारलं आणि त्यानं हो म्हटलं तर पुढं काय करायचं ते मला माहीत नाही.

ताई, तुम्हाला काय माहीत आहे?


११ नोव्हेंबर

बाळ,

हे पत्र जास्तीचं टपाल भरून पाठवतेय, लवकर पोचावं म्हणून. वाचून झालं की मला काय वाटेल ते बोल. ऐकून घेईन.

आप्पांचे डोळे अपघातानं गेले असं गावात सगळे म्हणतात. तुलाही मी तेच सांगितलं. खरं उलटं आहे. अपघात डोळ्यांमुळे झाला.

आप्पा प्रवासी बस चालवायचे. माझी शाळा त्यांच्या वाटेवर होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर जायचे. त्यांच्या शेजारी, इंजिनावरच्या झाकणावर गोधडी टाकून मला बसवायचे. मी अकरा वर्षांची. एक दिवस म्हणाले, आपण खेळ खेळू, रस्त्यात काय काय दिसतं ते तू मला सांगायचं. मी सांगायचे. पुढं हातगाडी आहे. उजवीकडून ट्रक येतोय. डावीकडे माणूस आहे. मी काही चुकवलं नाही तर शाळेशी उतरताना खाऊ. काही महिन्यांनी मला कळलं की हा खेळ नाही. कसं कळलं ते सांगता येत नाही. एक दिवस मी मुद्दाम गप्प बसले, आणि त्यांच्या हाताच्या शिरा स्टिअरिंगवर ताठ झालेल्या मी बघितल्या. त्यानंतर मी कधीच गप्प बसले नाही. शाळा सुटल्यावर मैत्रिणींबरोबर थांबायचं सोडून दिलं, परतीच्या बसला मी असायलाच हवी म्हणून. अकरा वर्षांच्या मुलीला चाळीस माणसांची काळजी.

मग मला ताप आला. तीन दिवस मी अंथरुणात होते. तिसऱ्या दिवशी आप्पांच्या बसखाली आमच्या शाळेचा शिपाई आला. सायकलवरून डाव्या कडेनं चालला होता. जागच्या जागी गेला. मागं बायको आणि दोन मुलं. बस झाडावर आदळली, काच फुटून आप्पांच्या तोंडावर आली. उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली असं त्यांनी सांगितलं, आणि डोळ्यांचं कुणी विचारलंच नाही. पुढं चार-पाच वर्षांत नजर हळूहळू पूर्ण गेली, तेव्हा सगळे काचेचं नाव घ्यायला लागले. आम्हीही घेतलं. घेता घेता आम्हालाच ते खरं वाटायला लागलं.

धाकटा तेरा वर्षांचा असताना संध्याकाळी अंगणात त्याच्या पायाशी पडलेला चेंडू त्याला सापडेना. मी दारातून बघत होते. चेंडू उचलून त्याच्या हातात दिला आणि घरात जाऊन स्वयंपाकाला लागले. कुणाला बोलले नाही, डॉक्टरकडे नेलं नाही. तो लांब गेला तेव्हा, देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं. डोळ्यांआड गेलं की नसतं, असं मी मनाला समजावलं. तो क्रेनवर चढतो हे कळलं तेव्हाही गप्प बसले. तुमचं लग्न ठरवताना तर तुझ्या आईनं सरळ विचारलं होतं, घरात काही आजार? मी म्हटलं, नाही. मला स्वतःला मागणी घालायला आलेल्यांना मी याच भीतीनं नकार दिला, पोटी मूल झालं आणि त्यालाही हे झालं तर. आणि तुला मात्र मी सांगितलं नाही.

लग्न मोडायचं असेल तर मोड. मी तुझ्या आईला तोंड देईन. पण आधी त्याला खाली उतरव. आणि हात जोडून सांगते, तू त्याचे डोळे होऊ नकोस. मी झाले होते. ते काम एक दिवसही चुकवून चालत नाही आणि कधी ना कधी चुकतंच.

ताई


२५ नोव्हेंबर

ताई,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. शनिवारी सकाळी मी त्याच्या खोलीवर गेले आणि समोर बसून म्हटलं, तुला बाजूचं दिसत नाही. तो "खोटं आहे" म्हणाला नाही. "कुणी सांगितलं?" एवढंच विचारलं.

मग सगळं बोलला. तीन वर्षांपूर्वी सुरू झालं, आधी वाटलं थकवा आहे. मी त्याला तुमच्या पत्रातलं सांगितलं, आप्पांचं, शिपायाचं, चेंडूचं. तो भिंतीकडे बघत ऐकत होता. मी म्हटलं, तू चढू नकोस. तो म्हणाला, "मला हुक दिसतो, हुकाखालचं दिसतं. बाजूचं बघायला खाली माणूस असतो." मी म्हटलं, तो माणूस सोमवारी बदलतोय. मग जे बोलला ते मला झोपेतही ऐकू येतं. "वर आहे तोवर मी क्रेनवाला आहे. खाली उतरलो की मी आंधळ्या बापाचा आंधळा मुलगा."

शेवटी कबूल झाला. सोमवारी सकाळी वर न चढता मुकादमाला सांगेन म्हणाला. मी बरोबर येऊ का विचारलं, तर नको म्हणाला. माझा हात हातात घेऊन कबूल झाला होता, ताई.

काल सोमवार. आठ वाजता आमचा रूळ तापला, चादरी सुरू झाल्या. आकाश भरून आलेलं, सकाळ असून दिवे लावलेले. सव्वाआठला खिडकीत क्रेन हलली.

मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाला चढवलं असेल. मग तिची वळायची पद्धत बघितली. वळण संपताना तो एक हलका झोका घेऊन थांबतो, ती त्याचीच सवय. मी हातातली चादर तशीच टाकली आणि एप्रनसकट पळाले. रस्ता ओलांडून साइटच्या फाटकाशी पोचले. पळताना दोन विचार होते, मी बोलले तर त्याचं सगळं संपलं, नाही बोलले आणि कुणी मेलं तर आमचं. आणि तिसरा विचार त्याहून वाईट. समजा काहीच झालं नसतं, तर?

मुकादम जाडजूड, शांत माणूस. मी धापा टाकत म्हटलं, क्रेन थांबवा. कारण विचारलं तेव्हा माझी जीभ अडखळली. ते म्हणाले, "बाई, सावकाश विचार करून बोला. हे एकदा माझ्या कानावर आलं की परत घेता येणार नाही."

मी म्हटलं, "त्याला बाजूचं दिसत नाही."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि वायरलेस उचलला. तेव्हा सळ्यांचा भारा हवेत होता, तिसऱ्या मजल्याच्या वर, हळूहळू फिरत. खाली सात-आठ माणसं. मुकादमांनी आधी माणसं बाजूला काढली, मग त्याला सांगितलं, भारा आहे तिथं सरळ खाली सोड. आवाज चढवला नाही. भारा इंच इंच खाली आला. तेवढ्या वेळात नव्या सिग्नलवाल्याला त्यांनी विचारलं, सकाळपासून काही झालं का? तो पोरगेला माणूस म्हणाला, दोनदा ओरडून थांबवावं लागलं, पण मला वाटलं क्रेनवाल्याची हीच तऱ्हा असेल.

मग तो शिडीनं खाली आला. फार वेळ लागला त्याला. मी फाटकाजवळ, वाटेच्या कडेला उभी होते. तो मुकादमांशी दोन शब्द बोलला, डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यांच्या हातात दिलं आणि फाटकातून बाहेर पडला. माझ्यापासून एक हातावरून गेला. थांबला नाही, वळला नाही.

त्यानं मला बघितलंच नाही, की बघून टाळलं, ते मला अजून कळलेलं नाही. आज संध्याकाळी त्याच्या खोलीचं दार वाजवून आले, उघडलं नाही.


९ डिसेंबर

ताई,

तुम्हा दोघींचं समाधान झालं असेल. मला सामानाच्या वखारीत बसवलंय. जिथं मला बगळा म्हणायचे तिथं आता माझ्यासमोर कुणी डोळ्यांबद्दल बोलत नाही, हवापाण्याचं बोलतात. तेच जास्त लागतं.

तिच्यावर रागवायचं की तुझ्यावर, ते मला ठरवता येत नाही. तिनं निदान तोंडावर सांगितलं. तू मला चेंडू हातात आणून दिलास आणि स्वयंपाकाला लागलीस. तेव्हा सांगितलं असतंस तर मी दुसरं काहीतरी शिकलो असतो. मी या एकाच कामात हुशार झालो, ताई, आणि तेच मला करता येणार नाही.

त्या सोमवारी मी वर का चढलो, हे मुकादमांनी विचारलं. मी म्हटलं, शेवटचं एकदा. ते खोटं होतं. मी मंगळवारीही चढलो असतो. नव्या माणसानं दोनदा थांबवलं, तेव्हा खाली कोण होतं ते मी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर हात थरथरले असते आणि मग खरंच काही झालं असतं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणतात, किती वर्षं उरलीत ते सांगता येत नाही. मुलांना होईल किंवा होणार नाही, अर्धी-अर्धी शक्यता. अशा माणसाशी तिनं का बांधून घ्यावं? तिला कळव की लग्न होणार नाही. मी दोन आठवडे तिच्याशी बोललेलो नाही. समोर जाऊन हे सांगायचं माझ्यात धाडस नाही.

धाकटा


२० डिसेंबर

धाकट्या,

तुझा निरोप मी पोचवणार नाही. दुसऱ्याच्या वतीनं बोलणं आणि गप्प बसणं, दोन्ही मी आयुष्यभर केलं. आता पुरे. तुला जे सांगायचं ते तिच्यासमोर उभं राहून सांग.

तुझा राग बरोबर आहे.

तुझं पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं. सगळं, एक शब्द न गाळता. तुझेही डोळे चाललेत हे त्यांना आतापर्यंत माहीत नव्हतं. संपल्यावर त्यांनी रेडिओ बंद करायला सांगितला, आणि तो बंदच होता. मग म्हणाले, लिहून घे. हे त्यांचे शब्द आहेत.

"पोरा, त्या दिवशी ऊन नव्हतं. ढगाळ होतं. मी तो माणूस बघितलाच नाही. मी हे कोर्टात सांगितलं नाही, तुझ्या आईला सांगितलं नाही, तुझ्या ताईलाही आज पहिल्यांदा सांगतोय. ती तापात पडली होती आणि मला घरी राहता आलं असतं. बस सोडली तर मी कोण, असं मलाही वाटलं होतं. तुला ज्या मुलीनं खाली उतरवलं, तशी कुणी मला भेटली असती तर मी तिला आधी शिव्या दिल्या असत्या. आणि मग जन्मभर स्वस्थ झोपलो असतो."

एवढं सांगून ते भिंतीकडे तोंड करून पडले. आज सकाळी मला म्हणाले, शिपायाचं घर अजून तिथंच आहे का, मला तिथं घेऊन चल. मी अजून हो म्हटलेलं नाही. भीती वाटते. पण नेणार आहे.

ताई


१८ जानेवारी

ताई,

तो आला होता. भर दुपारी, लॉन्ड्रीत, सगळ्या बायकांसमोर. हातात तुमचं पत्र. मला म्हणाला, मी लग्न मोडायला आलोय. मी म्हटलं, मोड, पण ही चादर धर आधी, बाई जेवायला गेल्यात. तर यानं खरंच चादरीचं टोक धरलं, आणि आम्ही पाऊण तास घड्या घालत भांडलो. मी म्हटलं, तू माझा हात हातात घेऊन खोटं बोललास, त्याचा मला राग आहे, डोळ्यांचा नाही. तो म्हणाला, तू मला न विचारता सांगून टाकलंस. मी म्हटलं, हो, आणि परत सांगेन. दोघांचंही खरं होतं. मोडायचं राहून गेलं.

फेब्रुवारीतली तारीख आहे तीच ठेवा. आईला मी सगळं लिहिलंय. ती रागावलीय, तुमच्यावर जास्त. ते तुम्हाला सोसावं लागेल. मुलांचं काय, ते आम्ही अजून ठरवलेलं नाही.

निळ्या दरवाजाच्या डॉक्टरांनी एक मास्तर गाठून दिलेत. ते पांढरी काठी घेऊन चालायला शिकवतात. ते स्वतः पूर्ण आंधळे आहेत आणि भलते कडक. याचं म्हणणं, मला दिवसा दिसतंय, आत्तापासून काठी कशाला? मास्तर म्हणाले, दिसतंय तोवरच शिकायचं असतं. आठवडाभर गल्लीत, मग जिन्यात. परवा मास्तरांनी मला बोलावून सांगितलं की आता चौक. दिवे लागायच्या वेळी, कारण त्याला तेव्हाच खरं शिकायला मिळतं. तुम्ही दहा पावलं मागं राहायचं. हाक मारायची नाही, हात धरायचा नाही, खाकरायचंसुद्धा नाही. तुम्ही बोललात की तो कान तुमच्याकडे लावेल आणि रस्ता सुटेल.

काल गेलो. पाच वाजले होते. चौकात चारी बाजूंनी गाड्या, फूटपाथवर कामावरून सुटलेली माणसं. तो कडेपाशी जाऊन थांबला, काठी पुढं टेकवून. मी मागं दहा पावलांवर. एक मालाची गाडी उलटी, त्याच्याच दिशेनं मागं येत होती, तिचा मागचा दिवा फुटलेला. मला दिसत होती. माझ्या घशापर्यंत शब्द आला होता. तुम्ही लिहिलेलं सगळं मला त्या क्षणी समजलं, ताई, तुम्ही त्या बसमध्ये रोज काय केलंत ते. मी हाताची मूठ तोंडात धरली. तो थांबला होता. मान किंचित वळवून ऐकत होता. गाडी गेली. मग पलीकडच्या गाड्या थांबल्या, आणि त्यानं पाऊल खाली टाकलं. काठी टक, टक, टक. मधोमध एकदा थांबला, दिशा चुकली, परत सावरला. एका मोटारवाल्यानं हॉर्न वाजवला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो पलीकडच्या कडेवर होता.

तिथं उभा राहून त्यानं रस्त्याकडे तोंड केलं, मी त्याच्या मागोमागच आले असणार असं समजून, आणि विचारलं, "आलीस का?"

मी अजून अलीकडेच उभी होते. "आले," म्हटलं. पण पाय उचलायला मला फार वेळ लागला.

तुमची भावजय